वेग दिसतो, झोप दिसत नाही

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, दीड वाजण्याच्या सुमारास, बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातल्या पिंपळखुटा शिवारात नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर एक खासगी ट्रॅव्हल्स बस दुभाजकाला धडकून उलटली. ती नागपूरहून पुण्याला निघाली होती. डिझेलने पेट घेतला. आत ३३ जण होते. २५ गेले, ८ वाचले. बस डाव्या कुशीवर पडल्याने दार खाली दाबले गेले होते आणि वाचलेल्यांपैकी काहींना काच फोडून बाहेर यावे लागले. मृतदेहांची ओळख पटण्यासारखी स्थिती नव्हती, म्हणून बहुतेकांवर बुलढाण्यातच सामूहिक अंत्यसंस्कार झाले. त्या दिवसापासून महाराष्ट्रात जो वाद सुरू झाला तो अजून चालूच आहे. वेगमर्यादा किती असावी, कॅमेरे लावावेत का, ई-चलन ही शिस्त की वसुली, दोष रस्त्याचा की चालवणाऱ्याचा, हे प्रश्न बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर आणि विधानसभेतही सारख्याच तावातावाने मांडले जातात. मात्र अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या प्राथमिक अहवालातली एक बाब या वादात मागे पडली. टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नव्हता आणि बस अतिवेगात असल्याचेही दिसले नव्हते. चालकाला डुलकी लागली असावी, असे तेव्हापासून बोलले गेले. पुढे त्याच्या रक्तात मद्याचा अंश सापडल्याच्याही बातम्या आल्या. दोषाचा निवाडा न्यायालयाचा आहे. पण एवढे म्हणता येते की त्या रात्री पिंपळखुट्याच्या अलीकडे वेग मोजणारा अत्यंत चांगला कॅमेरा उभा असता, तरी त्याने ही बस पुढे जाऊ दिली असती.

रस्त्यावरच्या नियमांविषयी आपण जे बोलतो त्यात हे एक मोठे छिद्र आहे. यंत्राला जे मोजता येते तोच नियम, अशी आपली समजूत हळूहळू होत चालली आहे. वेग मोजता येतो, सिग्नल तोडल्याचा फोटो निघतो, सीटबेल्ट काचेतून टिपता येतो. म्हणून नियमभंग म्हणजे या तीन-चार गोष्टी. चालक सलग किती तास बसला आहे, त्याने काल रात्री झोप काढली का, त्याला जेवायला आणि पाठ टेकायला जागा मिळाली का, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत त्याचा दिवा किती घुसतो, या गोष्टी कोणत्याही खांबावरून दिसत नाहीत. आणि ज्या दिसत नाहीत त्या चर्चेतूनही गळतात. नियम मुळात दुसऱ्या माणसासाठी असतो. त्या माणसाला वगळून नियम फक्त वाहनधारक आणि कॅमेरा यांच्यातला व्यवहार झाला की लोक कॅमेरा कुठे आहे ते लक्षात ठेवू लागतात, आणि दुसऱ्या माणसाकडे बघण्याची गरज दोघांनाही उरत नाही.

समृद्धीचा पहिला टप्पा, नागपूर ते शिर्डी, ५२० किलोमीटरचा, ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. बुलढाणा जिल्ह्यात तो मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या तालुक्यांतून जातो. १५० किलोमीटर वेगासाठी त्याची आखणी आहे. मोटारीला १२० ची परवानगी, मालवाहू गाडीला ८०. दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना प्रवेशच नाही. तांत्रिकदृष्ट्या ही मनाई योग्य आहे, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण तिचा दुसरा अर्थ असा की ज्या शिवारांतून हा रस्ता गेला तिथल्या घरांपुढे उभी असणारी बहुतेक वाहने त्याच्यावर चढू शकत नाहीत. जमिनीचा मोबदला मिळाला, काहींना चांगला मिळाला. तरी रस्त्याच्या अलीकडे घर आणि पलीकडे उरलेले दीड-दोन एकर, मध्ये कुंपण, आणि भुयारी वाट लांबवर, अशी रोजची अडचण अनेकांच्या वाट्याला आली. कुंपण तोडल्याच्या, त्यातून जनावरे रस्त्यावर आल्याच्या तक्रारी निघतात तेव्हा गावकऱ्यांच्या बेशिस्तीवर बोट ठेवले जाते. कुंपण तोडणे धोक्याचेच आहे. १२० च्या वेगाने येणाऱ्या गाडीपुढे म्हैस आली तर दोघांचाही घात ठरलेला. परंतु पलीकडच्या वावरात जायला माणसाने कोणती वाट धरावी, हे आखणी करणाऱ्याने त्याला विचारून ठरवले असते, तर त्या कुंपणाचा त्याच्या मनातला अर्थ वेगळा झाला असता.

रस्ता सुरू झाल्यावर सहा-आठ महिन्यांतच अपघातांच्या बातम्यांची रांग लागली. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेतल्या अभ्यासकांनी त्यामागचे एक कारण दाखवले, ते रस्त्याच्या एकसुरीपणाचे. सरळ, रुंद, अडथळा नसलेला रस्ता, तोच वेग, तेच पांढरे पट्टे; डोळे उघडे राहतात आणि मेंदू मंदावतो. त्याला महामार्गावरची संमोहनावस्था म्हणतात. जुन्या रस्त्यावर मेहकरच्या बाजारात गर्दी लागायची, सुलतानपूरजवळ चहा व्हायचा, खड्ड्यांनी तरी जागे ठेवायचे. नव्या रस्त्याने हे सगळे काढून घेतले आणि वेळ वाचवून दिला. वाचलेला वेळ खरा आहे, रुग्णाला नागपूर किंवा संभाजीनगर गाठायला तो उपयोगी पडतो, त्याची थट्टा करू नये. पण जुन्या रस्त्यावर आपोआप मिळणारी विश्रांती नव्या रस्त्यावर मुद्दाम उभी करावी लागते, आणि ती उभी राहिली नाही. रस्ता खुला झाला तेव्हा आणि त्यानंतरही बराच काळ पेट्रोलपंप विरळ, शौचालये अपुरी, जेवणाची सोय जवळपास नाहीच, अशी परिस्थिती होती. महामार्गावर कडेला थांबू नका, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून होता. थांबायला जागा न देता थांबू नका म्हणणे हा एकतर्फी नियम आहे. ट्रकवाला शेवटी कडेच्या पट्टीवर गाडी लावतो, मागचा दिवा कधी चालू, कधी बंद, आणि तिथेच झोपतो. तो नियम मोडतो आहे यात शंका नाही, आणि त्याच्यामागून येणाऱ्या कुटुंबाचा जीव त्याच्या एका चुकीवर टांगलेला आहे, यातही नाही. त्याला तिथे झोपावे का लागले, हा प्रश्न मात्र चलनाच्या पावतीवर येत नाही.

चालकाच्या झोपेचा नियम नवा बनवायलाही नको, तो जुनाच आहे. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार अधिनियम २०२५ पर्यंत लागू होता. प्रौढ कामगाराला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा त्यात होती, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे हा कायदा होता, आणि नागपूर-पुणे, अकोला-मुंबई, शेगाव-पुणे अशा रात्रीच्या गाड्यांवर तासांचा नियम पाळला जातो की नाही याची प्रवाशाला कल्पना नसते, विचारण्याची सवय नसते. मोटार सुरू झाली, पडदा ओढला, आपण झोपलो. पुढे बसलेला माणूस जागा राहील अशी आपली समजूत. बुलढाणा जिल्ह्याशी नाते असलेले अलीकडचे चार मोठे अपघात शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पिंपळखुटा, रात्री दीड. त्यानंतर चारच आठवड्यांनी, २९ जुलै २०२३ ला पहाटे मलकापूरच्या उड्डाणपुलावर दोन खासगी बस समोरासमोर धडकल्या, सहा जण गेले. त्यातल्या एका बसमध्ये अमरनाथहून परतणारे यात्रेकरू होते. १५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर, सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणारा टेम्पो ट्रॅव्हलर वैजापूरजवळ समृद्धीवर ट्रकला मागून धडकला, बारा जण गेले. २ एप्रिल २०२५ ला पहाटे खामगाव-शेगाव रस्त्यावर बोलेरो आणि एसटी बस धडकल्या आणि मागून आलेली खासगी बस त्या वाहनांवर आदळली. पाच जण गेले. चार घटनांवरून संख्याशास्त्र उभे राहत नाही, आणि या चारही ठिकाणी डुलकीच कारण होती असे मी म्हणत नाही. पण चारही घटना मध्यरात्र ते पहाट या पट्ट्यातल्या आहेत. शरीराचे घड्याळ माणसाला आडवे पाडू पाहते तेच हे तास, आणि आपली लांब पल्ल्याची बरीचशी खासगी वाहतूक नेमक्या याच तासांवर बेतलेली आहे.

सैलानीहून परतणाऱ्यांचा अपघात आणखी एका कारणाने विसरता कामा नये. टेम्पोत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, ही त्यांच्या बाजूची चूक. पण ज्या ट्रकवर तो आदळला तो ट्रक परिवहन विभागाच्या पथकाने तपासणीसाठी भर महामार्गावर थांबवला होता, असा आरोप झाला आणि त्या प्रकरणी दोन सहायक मोटार वाहन निरीक्षकांवर अटकेची कारवाई झाली. आरोप खरा असेल तर त्याचा अर्थ भयंकर आहे. नियम राबवणाऱ्यांनीच, नियम राबवण्याच्या नावाखाली, मध्यरात्री वेगवान रस्त्यावर एक अडथळा उभा केला. मागून कोणी येत असेल, त्याचे डोळे मिटत असतील, हा विचार त्यांच्या कर्तव्याच्या व्याख्येत नव्हता. नियम आणि दुसऱ्याचा विचार या दोन गोष्टी एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ही सगळी हळवी भाषा आहे. आपल्या लोकांना भीतीशिवाय काही कळत नाही, कॅमेरा लावा, दंड घ्या, परवाना रद्द करा, बघा कसे सुधारतात. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते आकड्यांनी मांडता येते. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, महाराष्ट्रात पंधरा हजारांहून अधिक. आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या अहवालात ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती मांडले आहेत. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते; यात मताला जागा नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून स्वयंचलित वाहतूक नियंत्रण यंत्रणा आहे, तशी समृद्धीवरही असलीच पाहिजे. दोन नाक्यांमधला वेळ मोजून सरासरी वेग काढला तर कॅमेऱ्यापुढे ब्रेक आणि कॅमेऱ्यामागे सुसाट, हा खेळही बंद होतो. कॅमेरा नको, असे म्हणण्याचा हेतू येथे अजिबात नाही. फक्त त्या ७१ टक्क्यांकडे थोडे सावधपणे बघावे. अपघातानंतर पोलिस ठाण्यातल्या अर्जात एक कारण भरावे लागते. चालक मेलेला असतो किंवा पळालेला असतो, आणि अतिवेग हा रकाना सर्वांत सोपा असतो. झोपेचा पंचनामा होत नाही. म्हणून आपल्या आकडेवारीत वेग आहे तसा, किंवा आहे त्याहून मोठा दिसतो आणि थकवा जवळपास अदृश्य राहतो. जे आकड्यात नाही त्याच्यासाठी तरतूदही होत नाही.

भीतीची दुसरी मर्यादा ई-चलनाच्या वादातून दिसली. जुलै २०२५ च्या सुरुवातीला राज्यातल्या माल आणि प्रवासी वाहतूकदारांनी ई-चलनाच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध संप पुकारला. त्यांच्या मागण्यांमध्ये जुने दंड माफ करण्यासारख्या, मान्य होऊ नयेत अशा गोष्टी होत्या. पण तक्रारींमधली एक तक्रार ऐकण्यासारखी होती. माल उतरवायला शहरात अधिकृत जागाच नाही, मग जिथे उतरवतो तिथे चलन फाटते, आणि काही ठिकाणी तर पोलिस कर्मचारी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने चलन करतात. त्याच सुमारास वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनी खासगी मोबाइल वापरून चलन करू नका, असे आदेश काढले, म्हणजे तक्रार निराधार नव्हती. दंडाची रक्कम मोठी असल्याने नियम मोडला जात नाही, हे गृहीतक इथे ढिले पडते. घटनेनंतर कित्येक आठवड्यांनी मोबाइलवर संदेश येतो, तोवर माणूस ती घटना विसरलेला असतो. तो दंड भरत नाही, लोकअदालतीत तडजोड होईल म्हणून थांबतो, किंवा भरतो आणि धंद्याच्या खर्चात टाकतो. आपल्यामुळे कोणाला धोका झाला, ते त्याला कधीच कळत नाही. बघणारा डोळा आहे, सांगणारे तोंड नाही.

याच्या उलट उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातच आहे. शेगावचे गजानन महाराज संस्थान १९०८ मध्ये स्थापन झाले. गुरुवारी, एकादशीला, प्रकटदिनाला तिथे लोटणारी गर्दी आणि तिची शिस्त ज्यांनी पाहिली त्यांना वर्णनाची गरज नाही. ओळीत उभे राहणारे लोक तेच आहेत, जे खामगावच्या चौकात चारी बाजूंनी एकदम घुसतात. रात्री समोरच्याच्या डोळ्यांत पूर्ण झोत टाकणारा तरुण शेगावात तासभर रांगेत उभा राहतो, पुढच्या म्हातारीला सरकायला जागा देतो, द्रोण कचरापेटीत टाकतो. माणूस बदललेला नाही. म्हणजे 'आपली माणसेच तशी' हा सर्वांत आवडता निष्कर्ष टिकत नाही. बदलते ती व्यवस्था. तिथला सेवेकरी हात जोडून माउली म्हणतो आणि कुठून जायचे ते सांगतो. तो पगारी रखवालदार नाही, आपापल्या गावाहून पाळीने सेवेला आलेला शेतकरी, शिक्षक, दुकानदार आहे. उद्या तोही रांगेत असणार. आणि त्याहून महत्त्वाचे, शिस्त मागण्याच्या आधी सोय उभी आहे. पाणी आहे, बसायला जागा आहे, शौचालय स्वच्छ आहे, चपला ठेवायची व्यवस्था आहे, स्वस्त जेवण आहे. संस्थानचा कारभार पाहणाऱ्या शिवशंकरभाऊ पाटील यांनी कित्येक दशके तो असा घडवला. रांग मोडण्याचे कारणच त्यांनी बरेचसे काढून टाकले, आणि मग रांग मोडू नका म्हटले.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा भारी आहे. शेगावात श्रद्धा आहे. महाराजांच्या दारात माणूस नम्र होतो. टोलनाक्यावर कशाला होईल? शिवाय रांगेत समोरचा माणूस एका हाताच्या अंतरावर असतो, महामार्गावर तो दोन दिवे असतो आणि तीन सेकंदांत निघून जातो. दोन्ही मुद्दे खरे आहेत. श्रद्धा महामार्गावर नेता येणार नाही आणि नेऊही नये. पण श्रद्धा असलेल्या सगळ्याच ठिकाणी शेगावसारखी शिस्त आढळत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी देवस्थानांत तीच श्रद्धा, तेच भाविक आणि तरीही चेंगराचेंगरीची भीती असते. श्रद्धेने नम्रता येत असेल, व्यवस्था येत नाही. आणि समोरचा माणूस दिसत नाही, हा आक्षेप तर माझ्याच म्हणण्याला बळ देतो. जिथे दुसरा माणूस आपोआप दिसत नाही तिथे नियमाने तो दाखवायला हवा. कॅमेरा तो दाखवत नाही, तो फक्त आपल्याला पाहतो.

माणूस मध्ये आला की काय होते, याचा थोडा अनुभव समृद्धीवरच आहे. २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. ठरलेल्या वेळेआधी दुसऱ्या टोकाला पोहोचलेल्या चालकांना थांबवून त्यांचे समुपदेशन केले. या उपक्रमाची चेष्टाही झाली. प्रौढ माणसाला बाकावर बसवून चित्रफीत दाखवून काय साधणार, असे लोक म्हणाले. पण दोन गोष्टी त्यात नेमक्या होत्या. टायरची तपासणी अपघाताच्या आधी होती, दंड नंतर नव्हता. ज्याची गाडी परत गेली त्याचा जीव वाचवण्यासाठी ती परत गेली, हे त्यालाही कळत होते. आणि वेगवान चालकाला घाईत असतानाच अर्धा-पाऊण तास थांबावे लागले, म्हणजे वेगाने कमावलेला वेळ तिथल्या तिथे खर्ची पडला. हे काम सातत्याने, सगळ्या नाक्यांवर, रात्रीच्या पाळीतही चालले पाहिजे. ते मनुष्यबळाचे काम आहे, म्हणून कॅमेऱ्याइतके झटपट उद्घाटन होण्यासारखे नाही.

समृद्धीचे बोलताना जिल्ह्याचे बाकीचे रस्ते विसरून चालणार नाही, कारण बहुतेक माणसे तिथेच असतात. चिखली-मेहकर, खामगाव-जालना, नांदुरा-मोताळा. कापसाच्या दिवसांत खामगावकडे निघालेल्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून नव्या मोटारसायकलवर बाहेरून बसवलेला पांढरा एलईडी झोत. लग्नसराईत ट्रॅक्टरवर बांधलेले आवाजाचे डबे. डिप्पर देणे ही जुन्या चालकांची सवय होती. समोरची गाडी दिसली की झोत खाली, ती गेली की वर. तो कायद्यातही आहे, पण कायद्यापेक्षा तो दोन अनोळखी चालकांमधला नमस्कार होता. आता झोत खाली न करणाऱ्याला विचारले तर तो म्हणतो, समोरचा करत नाही, मी का करू? आणि तोच दिवा बाजारात उघडपणे विकला जातो, बसवून मिळतो. विकणाऱ्याला कोणी विचारत नाही. ट्रॉलीला मागे लाल पट्टी चिकटवायला खर्च अगदी किरकोळ येतो. बाजार समितीच्या फाटकावर ती नसेल त्याला आत येण्याआधी तिथेच चिकटवून दिली, तर एका हंगामात किती फरक पडेल. फाटकावर माणूस असतोच. दंडाचे पुस्तक लागणार नाही.

पिंपळखुट्याच्या अपघातानंतर आसपासच्या लोकांनी बातमीदारांना जे सांगितले ते मन सुन्न करणारे होते. आत माणसे काचांवर हात मारत होती, आग इतकी होती की जवळ जाता येत नव्हते, आणि महामार्गावरून जाणाऱ्या गाड्या थांबल्या असत्या तर आणखी काही जण वाचले असते. हे ऐकून संताप येतो, येणारच. तरी न थांबलेल्याच्या बाजूने एकदा विचार करू. रात्रीचा दीड, १२० च्या वेगाचा रस्ता, थांबायला मनाई, कडेला थांबलेल्या गाडीवर मागून ट्रक येण्याची भीती, दरोड्याच्या ऐकलेल्या गोष्टी, आणि पोलिस ठाण्याच्या चकरांची जुनी धास्ती. यातली शेवटची धास्ती कायद्याने दूर केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. हे किती चालकांना ठाऊक आहे? समृद्धीवर वेगमर्यादेचे फलक आहेत, टोलच्या दराचे आहेत; या कलमाचा फलक प्रत्येक प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरांत असायला हवा, सोबत १०८ आणि ११२, आणि सुरक्षित थांबायचे कसे याच्या चार ओळी: गाडी पुढे नेऊन कडेला, चारही इंडिकेटर चालू, माणसे कठड्याबाहेर. खामगाव-शेगाव रस्त्यावर मागून आदळलेल्या तिसऱ्या गाडीने या चार ओळींची किंमत दाखवली आहे.

मग करायचे काय, तर आधी झोपेचे. समृद्धीवर चढताना गाडीची वेळ नोंदली जाते, उतरतानाही. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात चढणाऱ्या प्रत्येक प्रवासी बसच्या चालकाकडे ड्युटी कधी सुरू झाली याची नोंद मागता येईल. दुसरा चालक आहे का, तो बर्थवर झोपला आहे की क्लीनरच्या सीटवर ताटकळतो आहे, तेही बघता येईल. त्यासाठी तासांचा कोणताही नवा नियम बनवायला नको. वेगाचे चलन फाटते, तसे तासांच्या उल्लंघनाचेही फाटायला हवे, आणि ते मालकाच्या नावावर, कारण वेळापत्रक चालक ठरवत नाही. ठराविक अंतरावर ट्रक आणि बसचालकांसाठी झोपायची, अंघोळीची आणि जेवायची जागा हवी, आणि तिचे भाडे त्यांना परवडणारे हवे. मोटारवाल्यांसाठी उभारलेल्या फूडमॉलमध्ये ट्रकचालक चहा पीत नाही. मालक म्हणतील, याने तिकीट महाग होईल. होईल, थोडे. दोन चालकांचा पगार तिकिटात आला पाहिजे आणि प्रवाशाने तो दिला पाहिजे; आज तोच खर्च पिंपळखुट्यासारख्या ठिकाणी दुसरेच कोणी भरतात. आणि हे सगळे होईपर्यंत, चिखलीच्या किंवा मेहकरच्या बुकिंग ऑफिसात तिकीट काढताना एसी आहे का, चार्जिंग पॉइंट आहे का, हे विचारतो त्याच खिडकीत आणखी एक गोष्ट विचारता येते: गाडीवरचा ड्रायव्हर काल रात्रीही गाडीवरच होता का?